गाडीचे कागद कोणासाठी? पोलिसासाठी की घरासाठी?

आपल्या वस्तीत ज्या घरापुढे जुनी मोटारसायकल उभी दिसते त्या घरची निम्मी भाकरी त्या गाडीवर चालते, असे खुशाल समजावे. गवंडीकाम करणारा भाऊ थापी, ओळंबा आणि जेवणाचा डबा बांधून पहाटे वीस-पंचवीस किलोमीटर जातो. कोणी एम.आय.डी.सी.तल्या पहिल्या पाळीला जातो, तर कोणी बाजाराच्या दिवशी मागे आईला आणि तिच्या टोपलीला घेऊन जातो. एस.टी. पहाटे पाचला येत नाही आणि मुकादम आठनंतर हजेरी लावीत नाही. गाडी ही चैन आहे असे ज्यांना अजूनही वाटते त्यांनी एकदा मजुरांच्या नाक्यावर येऊन उभे राहावे.

ही गाडी शोरूममधून आलेली नसते. ती दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताची असते. २००८, २००९, २०१० सालची स्प्लेंडर, प्लॅटिना, सीडी डिलक्स. इंजिन ठणठणीत असते, कारण दुभत्या जनावरासारखी तिची निगा राखलेली असते. पण कायद्याच्या लेखी ती म्हातारी झालेली असते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. ती मुदत भरली की गाडी आर.टी.ओ.पुढे उभी करून तपासून घ्यावयाची, म्हणजे आपल्या भाषेत ‘पासिंग’ करावयाचे, आणि पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. आम्ही पेशाने कारकून. रविवारी विहारात बसून लोकांचे अर्ज भरून देतो. गेल्या दोन-तीन वर्षांत येणाऱ्यांत या पासिंगवाल्यांची संख्या फार वाढली आहे, आणि प्रत्येकाच्या कपाळावर एकच आठी आहे.

पासिंगला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावर येऊ नये, कारण तिच्याखाली सापडणारा आपलाच कोणीतरी असतो. आमचे भांडण आहे ते तपासणीत काय तपासले जाते याच्याशी.

आमच्या तालुक्याला ठरावीक दिवशी आर.टी.ओ.चा कॅम्प असतो. एरवी जिल्ह्याला जावे लागते, ते सत्तर किलोमीटर. ज्या गाडीची मुदत संपली तीच गाडी चालवीत सत्तर किलोमीटर जावयाचे आणि वाटेत कोणी अडविले तर काय सांगावयाचे, असा प्रश्न आम्ही एका जबाबदार गृहस्थांना विचारला होता. ते नुसते हसले.

मध्यंतरी एका कॅम्पाला आम्ही मुद्दाम किरकोळ रजा टाकून गेलो. मैदानात पन्नास-साठ मोटारसायकली उन्हात ओळीने उभ्या. लोक सकाळी आठपासून आलेले. निरीक्षक साहेब आले बारा वाजता. मग सर्व्हर बंद. तो दीड वाजता चालू झाला आणि तपासणी सुरू झाली. साहेबांनी आर.सी. पाहिली, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून काढलेला छाप ताडून पाहिला, हॉर्न वाजवावयास सांगितले, इंडिकेटर पाहिले, आरसे पाहिले. एका गाडीला दोन मिनिटे. ब्रेक दाबून पाहिलेला आम्हांला तरी दिसला नाही. कुंपणाबाहेर एक गॅरेजवाला आरसे भाड्याने देत होता. तीस रुपयांत आरसे लावा, पासिंग झाले की काढून परत द्या. आरशांची एकच जोडी त्या दिवशी आम्ही चार गाड्यांवर पाहिली!

त्याच ओळीत दोन गाड्या एकामागे एक होत्या. पहिलीचा मागचा टायर इतका गुळगुळीत की त्यात तोंड पाहावे. ती पास झाली, कारण नंबर स्वच्छ होता. दुसरी एका कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या भावाची. टायर नवे, चेन नवी, ब्रेकला नवे लायनर. ती परत पाठविली, कारण हँडलच्या खाली मानेवर कोरलेला चेसिस नंबर गंजला होता. पॉलिश पेपरने साफ करून पुढच्या कॅम्पाला या, असे सांगितले गेले. नंबर अगदीच गेला असेल तर तो पुन्हा मारून घेण्यासाठी परवानगी काढा, त्यासाठी वेगळी खेप. तो भाऊ रात्रभर जागून आला होता. गाडी ढकलीत बाहेर आला आणि आम्हांला म्हणाला, “दादा, माझ्या गाडीचा ब्रेक कुणी बघितलाच नाही. बघितला असता तर बरं वाटलं असतं.”

साहेब वाईट होते असे आम्ही म्हणणार नाही. एका माणसाने दोन-अडीच तासांत साठ गाड्या पाहावयाच्या म्हटल्यावर ब्रेक दाबायला वेळ कोठून आणणार? चोरीची गाडी आहे की नाही हे नंबरावरून कळते, म्हणून नंबर पाहिला जातो. ते योग्यच आहे. पण मग त्याला गाडीची तपासणी म्हणू नये, नंबराची तपासणी म्हणावे.

आता पैशाचे बोलू. बी.कॉम. झालेल्या माणसाला हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ३१ मार्च २०२२ पर्यंत ३०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती १,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरील दुचाकीला ती २,००० केली. थर्ड पार्टी विमा ७५ ते १५० सी.सी.च्या गाडीला ७१४ रुपये, त्यावर १८ टक्के जी.एस.टी., म्हणजे सुमारे ८४३. पी.यू.सी.चे २०२२ साली ३५ चे ५० झाले. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट लावणे आले, तिचे ४५० व जी.एस.टी. मिळून ५३१. पंधरा ते वीस वर्षांच्या गाडीची बेरीज करा: १,००० अधिक ८४३ अधिक ५० अधिक ५३१, झाले २,४२४. यात पर्यावरण कर नाही. हा कर २०१० साली महाराष्ट्रात आला तेव्हाच पंधरा वर्षांवरील दुचाकीला पाच वर्षांसाठी २,००० रुपये होता. यात कार्डाचे पैसे नाहीत, एजंटाचे नाहीत, आणि बुडालेल्या दोन हजेऱ्याही नाहीत.

हे एकवेळ समजू शकते. रस्त्यावर गाडी आणावयाची तर काही खर्च सोसावा लागणार. पण खरा फास पुढे आहे. नूतनीकरणाला उशीर झाला तर दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये जादा, आणि महिन्याचा काही भाग झाला तरी पूर्ण महिना धरावयाचा. कोविडच्या काळात ज्याचे काम गेले, तो गावी निघून गेला, गाडी भिंतीला टेकून राहिली. मुदत २०२२ मध्ये कधी संपली ते त्याला कळलेच नाही. तीन वर्षांनी तो अर्ज भरावयास आला. छत्तीस महिने गुणिले तीनशे, म्हणजे १०,८०० रुपये. त्याने ती गाडी घेतली होती नऊ हजाराला! त्याने कागद घडी करून खिशात घातले, “बघू साहेब” म्हणाला आणि गेला. तो परत आलेला नाही. गाडी मात्र रोज जाताना दिसते.

जो उशीर करतो त्याला दंड हवा, हे मान्य. पण दंड गाडीच्या किमतीपेक्षा मोठा झाला की माणूस दंड भरीत नाही, तो कायद्याच्या बाहेरच राहू लागतो. मग ती गाडी कोणाच्याच तपासणीत येत नाही. ज्या ब्रेकसाठी एवढा खटाटोप, तो ब्रेक तर आता कधीच पाहिला जाणार नाही. काही शहाणे म्हणतात, मोडीत घाला. मोडीत दोन-चार हजार मिळतात. साधी नवी गाडी रस्त्यावर यायला पाऊण लाखाच्या वर लागतात. मधले पैसे कोण देणार, हे ते शहाणे सांगत नाहीत. आमच्या मते उशिराच्या दंडाला मूळ फीच्या दुप्पट-तिप्पट अशी काहीतरी कमाल मर्यादा पाहिजे. तालुक्याचा कॅम्प महिन्यातून निदान चार वेळा पाहिजे. आणि कॅम्पात ब्रेक तपासला पाहिजे. यात न होण्यासारखे काय आहे?

तोपर्यंत आपल्या हातात एवढेच आहे की घरी जाऊन आज आर.सी. काढून पाहावी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, तो नमुना २५. नोंदणी संपलेली गाडी चालविली तर पहिल्या वेळीच दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय नोंदणीच नसलेल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा विमा कंपनीने फेटाळणे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरविले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

आर.सी. काढलीच आहे तर तिच्यावर नाव कोणाचे आहे तेही वाचावे. आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी पाच-सहा गाड्या चालविणाऱ्याच्या नावावर नसतात. व्यवहार स्टॅम्प पेपरवर झालेला, नाहीतर नुसता विश्वासावर. मूळ मालक मुंबईला नाहीतर सुरतेला. ‘टी.टी.’चे नमुने २९ आणि ३० सही करून घेतलेले असतात, पण ते पेटीत कपड्यांच्या तळाशी. कायदा म्हणतो की विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावे. घेणाऱ्याला वाटते, पैसे दिले, चावी मिळाली, गाडी आपली झाली. विकणाऱ्याला वाटते, गाडी गेली, आपण सुटलो. दोघेही सुटत नाहीत. २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कागदावर ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची, मधे कितीही हात बदललेले असोत. ज्यांनी गाडी विकून टी.टी. केलेली नाही त्यांनी आज रात्री झोप येते का पाहावे!

कर्ज फिटून सात वर्षे झाली तरी आर.सी.वर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच, ही आणखी एक तऱ्हा. कंपनीची शाखा उठून गेलेली, एन.ओ.सी. मिळत नाही, आणि ती नमुना ३५ सोबत दिल्याशिवाय बोजा उतरत नाही. शेवटचा हप्ता भरला त्याच आठवड्यात एन.ओ.सी. मागून घ्यावी.

एका मावशींचे सांगतो. नवरा गेला, गाडी त्याच्या नावावर. मुलगा ती चालवितो. मावशींना वाटले, मुलगा वारस आहे म्हणजे गाडी त्याचीच. मालक वारला तर तीस दिवसांत कार्यालयाला कळवावयाचे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून नाव चढवावयाचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दुःखाच्या दिवसांत गाडीचे कागद कोणाला आठवतात? म्हणून शेजाऱ्यांनी आठवण करावी. मृत्यूचा दाखला काढतानाच दोन प्रती जास्त काढाव्यात.

आता विम्याकडे येतो. खरे दुखणे येथे आहे, आणि बायका-माणसांनी हा भाग नीट वाचावा.

आमच्या ओळखीच्या एक ताई भाजी विकतात. भावाच्या मागे बसून बाजाराला निघाल्या होत्या. वाटेत कुत्रे आडवे आले, गाडी घसरली, ताईंचे खुब्याचे हाड मोडले. भावाकडे लायसन्स होते, विमा चालू होता, पी.यू.सी. चालू होते. म्हणजे पोलिसाने अडविले असते तर छातीठोकपणे दाखवावेत असे सगळे कागद! विमा कंपनीने सांगितले, एक पैसाही मिळणार नाही. आम्ही पॉलिसी मागून घेतली आणि वाचली. कंपनी पॉलिसीप्रमाणेच बोलत होती. भाऊ म्हणाला, “मग दरवर्षी मी आठशे रुपये कशाचे भरतो?”

हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने विचारला पाहिजे. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा. एक विमा कंपनी, दुसरा मालक, आणि तिसरा म्हणजे आपल्या गाडीची धडक ज्याला बसली तो रस्त्यावरचा माणूस. आपल्याच गाडीवर मागे बसलेली बायको, बहीण, आई ही कायद्याने सक्तीच्या केलेल्या या विम्यात ‘तिसरी’ धरली जात नाही. २००६ साली तिलक सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. ज्याला लोक ‘फुल विमा’ म्हणतात त्या पॅकेज पॉलिसीत मागे बसणारा येतो. २००९ साली विमा नियामकाने कंपन्यांना तसे कळविले आणि २०१२ साली न्यायालयानेही ते उचलून धरले. पण पंधरा वर्षांच्या गाडीला फुल विमा द्यावयास कंपन्या नाखूष असतात. दिला तरी त्याचे पैसे आपल्याला जड. म्हणजे ज्यांच्या गाड्या नव्या त्यांच्या बायकांना संरक्षण, आणि ज्यांच्या गाड्या जुन्या त्यांच्या बायका रामभरोसे. हा कुठला न्याय?

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. दुसऱ्या एखाद्या गाडीने धडक दिली असेल तर मागे बसलेल्यालाच काय, चालविणाऱ्यालाही त्या दुसऱ्या गाडीच्या विम्यातून भरपाई मागता येते. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांच्या आत करावा अशी कायद्यात तरतूद झाली आहे, तेव्हा प्लॅस्टर निघायची वाट पाहू नये. ताईंच्या बाबतीत दुसरी गाडीच नव्हती. कुत्र्याचा विमा कोण काढतो?

बरे, चालविणाऱ्याचे काय? थर्ड पार्टी विम्यात तोही नाही. त्याच्यासाठी मालक-चालकाचे अपघाती संरक्षण वेगळे असते. २०१८ पर्यंत दुचाकीला ते एक लाखाचे होते, त्यानंतर पंधरा लाखांचे झाले. तेव्हा त्याचा वर्षाचा हप्ता ७५० ठरविला होता. २०१९ पासून ते गाडीच्या पॉलिसीपासून सुटे घेता येते आणि प्रत्येक कंपनीचा दर वेगळा असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारावे. माणसाकडे तेवढ्या रकमेचे अपघाती संरक्षण आधीच असेल तर पुन्हा घेण्याची गरज नाही. एजंट मात्र पॉलिसी स्वस्त दिसावी म्हणून “तुमच्याकडे आधीच आहे” असे आपणच लिहून मोकळा होतो. आपल्याकडे आहे की नाही हे त्याने विचारलेलेच नसते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘पी.ए. कव्हर’ या ओळीपुढे आकडा आहे की शून्य आहे, तेवढे बघावे. इंग्रजी येत नसले तरी शून्य ओळखता येते.

आणि हे संरक्षण मालक-चालकाचे आहे, दोन्ही शब्दांवर बोट ठेवून वाचा. तो मालक असला पाहिजे आणि त्याच्याकडे चालू लायसन्स पाहिजे. गाडी जुन्या मालकाच्या नावावर असेल तर पंधरा लाख त्या सुरतेच्या माणसाच्या नावाचे, रोज चालविणाऱ्याच्या नव्हे. भावाची, मित्राची गाडी मागून नेली आणि घसरून पडलो, तर मागून नेणारा हा मालकाच्याच जागी उभा आहे, तो तिसरा नव्हे, असे २००९ साली निंगम्मा यांच्या खटल्यात ठरले आहे. तेथे मोटारसायकल मागून नेणाऱ्याच्या पत्नीने दावा केला होता. म्हणून टी.टी.ला आम्ही एवढे धरून बसलो. ते नुसते नाव चढविणे नाही. गाडी नावावर नाही, पी.ए. कव्हर नाही, मागे बसणारीचे काही नाही, अशा घराने वर्षानुवर्षे विमा भरला तरी गाडी आपली आपण घसरली त्या दिवशी त्या घराला काहीही मिळत नाही. आपण विमा घेतला तो पोलिसासाठी. घरासाठी घेतलाच नाही.

याचा अर्थ थर्ड पार्टी विमा सोडून द्यावा असा कोणी काढू नये. आपल्या गाडीखाली कोणाचा जीव गेला आणि विमा नसला तर भरपाईचे लाखो रुपये मालकाच्या अंगावर येतात. अशी गाडी पुरेसे तारण दिल्याशिवाय सोडली जात नाही आणि तीन महिन्यांत तारण दिले नाही तर तिचा लिलाव होतो, असे १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम आहेत. विमा नसल्याचा दंड पहिल्यांदा २,००० आणि दुसऱ्यांदा ४,००० रुपये आहे, कैदेचीही तरतूद आहे. लायसन्स नसलेल्या मुलाच्या हाती गाडी दिली तर कंपनी समोरच्याला पैसे देते आणि मग ते मालकाकडून वसूल करू शकते. घर विकावे लागेल इतकी ती रक्कम असते. आणि मरणारा किंवा लंगडा होणारा तोही कोणाच्या तरी घरचा कमावताच असतो.

मग करावे काय? गाडी नावावर करून घ्यावी, हे पहिले. विमा काढताना पी.ए. कव्हर घ्यावे, आणि मागे बसणाऱ्यासाठी नाव न घालता अपघाती संरक्षण थोडे जादा पैसे भरून मिळते का, हे आपण होऊन विचारावे. एजंट ते आपण होऊन सांगत नाही, कारण त्यात त्याला फारसे मिळत नाही. आणि सर्वांत सोपे म्हणजे, बँकेत खाते असलेल्या घरातल्या प्रत्येकाने पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरावा. १८ ते ७० वर्षांपर्यंत कोणालाही चालते. वर्षाला आधी १२ रुपये होते, जून २०२२ पासून २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आले तर दोन लाख. मागे बसले होते की पुढे, गाडी कोणाच्या नावावर, हे तेथे कोणी विचारीत नाही. ताईंच्या मोडलेल्या खुब्याला त्यातून मिळाले नसते हे खरे, पण त्याहून वाईट दिवस आला असता तर दोन लाख घरात आले असते. हे पैसे मे अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. त्या वेळी खात्यात वीस रुपये नसतील तर संरक्षण बंद पडते. आमच्या वस्तीत अशी किती खाती कोरडी निघाली! मे महिन्यात पन्नास रुपये ठेवावेत आणि जूनमध्ये पासबुक भरून नोंद पाहावी.

पी.यू.सी.विषयी दोन शब्द. पी.यू.सी. नसेल तर विमा काढताच येणार नाही, असे अजून काही एजंट सांगतात. तसा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला होता, पण २६ जुलै २०२४ रोजी न्यायालयानेच ती अट काढून टाकली. तेव्हा पी.यू.सी. संपले म्हणून विमा लांबणीवर टाकू नये. पी.यू.सी. मात्र वेगळे काढावेच लागते. बी.एस.-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांना ते वर्षभर चालते, त्याआधीच्यांना सहा महिने. म्हणजे जुन्या गाडीवाल्याला इथेही वर्षातून दोन खेपा.

ताईंचा खुबा आता बसला आहे, पण टोपली डोक्यावर घेऊन चालणे बंद झाले. भाऊ गाडी चालवितो. यंदा त्याने दोघांचे वीस-वीस रुपये भरले आणि पॉलिसी घेताना एजंटाशी पंधरा मिनिटे भांडला.

ज्यांचे टी.टी., बोजा किंवा वारसाचे काम अडले असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात विहारात यावे. येताना आर.सी., विम्याची पॉलिसी, आधार कार्ड, आणि जुन्या मालकाच्या सह्यांचे नमुने असतील तर तेही आणावेत. चेसिस नंबर घरूनच पॉलिश पेपरने साफ करून आणावा. अर्ज भरून देण्याचे आम्ही काही घेत नाही. झेरॉक्सचे पैसे मात्र ज्याचे त्याने द्यावेत.